तिकडे देखा

अमळनेरच्या भिंती मी चाळीस वर्षं रंगवल्या.
बोरीच्या पुलापासून जिनिंगच्या फाटकापर्यंत
सरकीचं तेल, बियाणं, दंतमंजन,
सर्कशीचा वाघ, त्याला मिशा द्यायच्या राहिल्या,
तीन दिवस गाव हसलं.
खाली कोपऱ्यात बारीक : हिलाल पेंटर.
येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंत दिसायची.
भिंतीला कोण दिसलं, कोण थबकलं,
कोणाचा हात खिशाकडे गेला,
हे भिंतीने कधी मला येऊन सांगितलं नाही.

आता हात थरथरतो. फ्लेक्स आले तेव्हाच डबे सुकले.
घरात मुलाचा जुना संगणक, देव्हाऱ्याच्या बाजूला,
त्यावर क्रोशाचा रुमाल.
दुपारी कोकिळा भजनं ऐकते, संध्याकाळी मी.
ब्राउझरचा आयता रंग दवाखान्याच्या फरशीसारखा,
पांढरा नाही, राखाडीही नाही.
ज्याने निवडला त्याने कधी ब्रश धुतला नसावा.
थीम शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या.
शेवटी केळीच्या कोक्याचा रंग जमला,
टॅबांना ज्वारीच्या पिठाची कड,
अक्षरं दोन घरं मोठी.
चौकट रंगली, म्हणजे घर आपलं झालं,
असं वाटलं.
कोकिळा म्हणाली, "दुकान उघाडं का काय?"

मग एक दिवस सरकीचा भाव बघताना
उजव्या कडेला गुलाबी चौकोन :
छातीत गाठ? घाबरू नका. पहिली तपासणी अर्ध्या दरात.
दुसऱ्या दिवशी तो पंचांगाच्या शेजारी.
तिसऱ्या दिवशी कीर्तनाच्या खाली.

मला छातीत गाठ नाही.
या घरात माणसं दोनच.

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.
हात जरा जपून पडत होता,
की मलाच तसं ऐकू आलं?

हिस्टरी उघडता आली असती. एक टिचकी.
बोट तिथवर नेलं, आणि काढून घेतलं.
जे मला सांगायला तिचं तोंड उघडेना
ते आधी कुठल्याशा कंपनीला कळलं,
आणि कंपनीने मला कळवलं,
गुलाबीत, वाईट अक्षरात.

भाचीला फोन केला. हर्षाली, जळगावला शिकते.
शेजारच्या काकांसाठी विचारतोय म्हणालो.
ती म्हणाली, कुकी. माझ्या डोळ्यांपुढे नानकटाई.
तसं नाही मामा, कुसळं समजा,
बांधावरून गेलं की पायजम्याला चिकटून घरी येतात.
फक्त या कुसळांना मालक असतो.
मग ती सांगत गेली, मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहीत गेलो :
माग काढणाऱ्यांना अडवा, बंद करताना पुसून टाका,
माइक, कॅमेरा, ठिकाण, दिलेली परवानगी परत घ्या.
कॅमेऱ्यावर मी शेंदरी इनॅमलचा ठिपका दिला.
सुकल्यावर दुसरा हात.

आणि कोकिळेच्या नावाने वेगळं खातं उघडलं.
"ये इकडे. रंग सांग."
पदराला पीठ पुसत आली. "माले कसाले जोयजे?"
"सांग तर."
बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, निळा.
कुठला निळा?
लग्नात मामाने आणलेल्या पातळाचा.
मला ते पातळ आठवेना.
सात निळे दाखवले, आठव्याला मान हलली.

"आता पासवर्ड घाल. तुझा तू. मला सांगू नको."
तिने माझ्याकडे पाहिलं,
नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ.
"तिकडे देखा," म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड केलं.
गावात एवढ्या भिंती रंगवल्या,
ही एक राहून गेलेली, पोपडे धरलेली.
मागे बटणं वाजत होती,
एका बोटाने, थांबून थांबून.
नऊ वाजली.
मोजायला नको होती.

रात्री दिवा मालवल्यावर
आढ्याकडे बघत म्हणाली,
"मंगळवारी धुयाले जानं शे."
"जाऊ," म्हणालो.
कशाला, ते विचारलं नाही.
बाहेर कोणाची तरी मोटारसायकल दोनदा बंद पडली, सुरू झाली, गेली.
मग तिने सांगितलं, सगळं, पहिल्यापासून,
आणि मी ते पहिल्यांदाच ऐकतोय
असं ऐकलं.